करमणुकीचे यजमानपण

(नाशिकमधील सातपूर येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



दुसऱ्याची करमणूक करणे म्हणजे नेमके काय करणे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. स्मृतिव्याख्यानाला तो हलका वाटण्याचा संभव आहे. शेती, शिक्षण, आरोग्य, उद्योग हे विचार करण्याजोगे विषय आणि करमणूक ही कामे उरकल्यावर उरलेल्या वेळेची बाब, असा समज आपल्याकडे चांगलाच रुजलेला आहे. हा समज खोडून काढावा, एवढ्याचसाठी मी हा विषय निवडला. माझे म्हणणे थोडक्यात असे: करमणूक करणे हे यजमानपण आहे. जो दुसऱ्याला रिझवायला उभा राहतो तो त्या माणसाला काही वेळ आपल्या छताखाली घेतो. त्या वेळेपुरती त्याच्या बुद्धीची आणि मानाची काळजी वाहणे हे त्याचे कर्तव्य ठरते. उलट बाजूने, ज्या समाजाने हे आतिथ्य घेतले त्याच्यावर रिझवणाऱ्याला सांभाळण्याचे देणे चढते. ही दोन्ही देणी जिथे फेडली जातात तिथे करमणूक माणसांना उभे करते. जिथे ती बुडवली जातात तिथे ती फसवणूक होते.

सुरुवात एका परक्या शब्दापासून करतो, कारण आज करमणुकीचा सारा व्यवहार त्याच शब्दाने चालतो. ‘एंटरटेनमेंट’ हा शब्द वाहिन्यांच्या नावांत आहे, कंपन्यांच्या पाट्यांवर आहे आणि आपल्या बोलण्यातही मुरला आहे. त्यामागचे ‘एंटरटेन’ हे क्रियापद इंग्रजीत फ्रेंचमधून पंधराव्या शतकाच्या सुमारास आले आणि त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. एक घटक ‘मध्ये, परस्परांत’ असे सांगणारा, दुसरा ‘धरणे’ असे सांगणारा. एकमेकांना धरून ठेवणे, टिकवणे, चालू ठेवणे हा त्याचा पहिला अर्थ. इंग्रजीत आल्यावर तो कोणाला आपल्या पदरी ठेवण्यासाठी, पाहुण्याचे स्वागत करून त्याला जेवूखाऊ घालण्यासाठी, एखादा विचार मनात बाळगण्यासाठी वापरला गेला. खेळ-गाण्यांनी मन रमवणे हा अर्थ त्याला पुढे चिकटला. फ्रेंचमध्ये तर आजही हे क्रियापद घराची वा रस्त्याची देखभाल करण्यासाठी वापरतात. इंग्रजीत त्याच्याच शेजारी ‘अम्यूज’ हे दुसरे क्रियापद आहे. त्याच्या मुळाशी तोंडाचा आ वासून नुसते पाहत राहणे आहे, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत ते समोरच्याचे लक्ष भलतीकडे गुंतवून त्याला गाफील ठेवण्यासाठी वापरले जाई. शत्रूला असे गुंतवून ठेवण्याच्या डावपेचालाही तोच शब्द होता. म्हणजे एकाच कामाच्या दोन परी त्या भाषेने आपल्या पोटात जपल्या: एक धरून ठेवणारी, दुसरी गुंगवून ठेवणारी.

यावर भाषेचा अभ्यासक लगेच हरकत घेईल की शब्दाचे मूळ हा त्याच्या आजच्या अर्थाचा पुरावा होत नाही. हरकत अगदी योग्य आहे. व्युत्पत्ती न्यायाधीशाच्या खुर्चीत बसवू नये. तिला फार तर साक्षीला बोलवावे. म्हणून परक्या शब्दावर माझा युक्तिवाद मी उभा करणार नाही. तो उभा राहायचा तर आपल्या भाषेतल्या चालीवर आणि त्याहून अधिक आपल्या मातीत घडलेल्या गोष्टींवर. मराठीत ‘करमणूक’ हा शब्द ‘करमणे’ या क्रियापदाशी बांधलेला आहे. ‘नव्या जागी करमत नाही’, ‘ती गेल्यापासून घरात करमत नाही’ असे आपण म्हणतो तेव्हा हसण्या-खिदळण्याची वाण पडली असे आपल्याला म्हणायचे नसते. ही जागा अजून माझी झाली नाही, किंवा माझी होती ती आता उरली नाही, असे म्हणायचे असते. सातपूरला हे वेगळे समजावून सांगायला नको. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, इथल्या शेतजमिनींवर कारखाने आले आणि खानदेश, मराठवाडा, विदर्भ इथून, पुढे उत्तर भारतातूनही, माणसे पोटासाठी इथे आली. दहा बाय दहाच्या खोलीत तिघे-चौघे राहणारा, पाळी संपल्यावर कुठे जावे ते न कळणारा तरुण ‘इथे करमत नाही’ म्हणतो तेव्हा तो नुसता विरंगुळा मागत नसतो. आपले म्हणता येईल असे ठिकाण तो शोधत असतो. करमणुकीचे पहिले काम, परक्याला असे ठिकाण मिळवून देणे, हे आहे.

आता पुराव्याकडे वळू. १८९० हे साल पाहा. त्या वर्षी २४ एप्रिलला नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या महालक्ष्मीच्या मैदानावर गिरणी कामगारांची प्रचंड सभा भरवली. दोन कामगार स्त्रियाही तिथे बोलल्या. आठवड्यात एक दिवस सुट्टी हवी, ही तिथली मागणी होती. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. रिकामा वेळ हा मजुराचा हक्क आहे, ही गोष्ट आपल्याकडे प्रथम अशी पदरात पडली. त्याच वर्षी पुण्यात हरि नारायण आपटे यांनी एक साप्ताहिक सुरू केले आणि त्याला नाव दिले ‘करमणूक’. त्या नावाच्या साप्ताहिकात काय छापून आले, तर ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी, क्रमशः. यमूची बालपणापासूनची हकीगत, तिचे लग्न, तिचे वैधव्य, तिचे केशवपन: हे सारे मराठी मध्यमवर्गाने आठवड्यामागून आठवडा ‘करमणूक’ या नावाखाली वाचले. पाच वर्षांनी, १८९५ मध्ये, का. र. मित्र यांनी ‘मनोरंजन’ काढले. १९०९ चा त्याचा अंक मराठीतला पहिला दिवाळी अंक मानला जातो. मराठी समाजाच्या घडणीत ज्या नियतकालिकांचा वाटा निर्विवाद आहे, त्यांतल्या दोघांनी आपली नावे अशी निवडावीत हा योगायोग नव्हे. वाचकाला आधी घरात घ्यावे, बसवावे, मग त्याच्याशी मोलाचे बोलावे, ही यजमानाची रीत त्यांना ठाऊक होती. आपटे यांनी वाचकाची करमणूक केली म्हणून त्याला यमूचे दुःख ऐकवता आले. नुसता निबंध लिहिला असता तर तो आधीच पटलेल्यांनीच वाचला असता.

ही रीत आपटे यांनी शोधून काढलेली नव्हती. सातपूरवरून जाणाऱ्या त्र्यंबक रस्त्यावर ती दरवर्षी चालत जाताना दिसते. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते आणि त्यासाठी निघालेल्या दिंड्या या रस्त्याने जातात. त्यांच्या मुक्कामी कीर्तन होते. वारकरी कीर्तनात कीर्तनकार एकटा नसतो. टाळकरी मागे उभे असतात, अभंगाचे चरण ते उचलून धरतात, विठ्ठलनामाच्या गजरात समोर बसलेला श्रोताही गातो. नारदीय कीर्तनाने तर आपली मांडणीच दोन भागांत केली आहे: पूर्वरंगात निरूपण, उत्तररंगात आख्यान. अवघड विचार आधी सांगायचा आणि मग तोच कथेतून, गाण्यातून, विनोदातून श्रोत्याच्या गळी उतरवायचा. श्रोता रंगला पाहिजे ही अट आहे, पण केवळ रंगला एवढ्यावर कीर्तन संपत नाही. रंजन आणि बोध यांची दोन वेगळी दुकाने आपल्या परंपरेने मांडलेली नाहीत, हे इथे लख्ख दिसते.

त्याच रस्त्याच्या टोकाला, त्र्यंबकेश्वरी, ३० एप्रिल १८७० रोजी धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके जन्मले. ३ मे १९१३ रोजी मुंबईत गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि त्याच वर्षी दादासाहेबांनी आपला सारा संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. करमणुकीच्या यजमानपणाचा सगळ्यात ठसठशीत नमुना म्हणून मी त्यांच्या घराकडे पाहतो. पडद्यावर तारामती दिसते ती अण्णा साळुंके नावाच्या, उपाहारगृहात काम करणाऱ्या पुरुषाने उभी केलेली. पडद्यामागे दादासाहेबांच्या पत्नी सरस्वतीबाई होत्या. चित्रपटासाठी राबणाऱ्या सगळ्या मंडळींचा स्वयंपाक त्यांच्याकडे, नटांचे कपडे धुणे त्यांच्याकडे, आणि कच्च्या फिल्मला कडेने छिद्रे पाडण्याचे, रसायने कालवण्याचे कामही त्यांच्याकडे. देशातल्या पहिल्या पूर्ण लांबीच्या चित्रपटाची निर्मिती एका बाईच्या चुलीवर तोलली गेली होती. पुढे ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर आल्या. दादासाहेब प्रेक्षकालाही पाहुण्यासारखे वागवत. सहा-सहा तास नाटक पाहण्याची सवय असलेल्याला तासाभराचा खेळ तोकडा वाटतो हे कळल्यावर, हा दोन मैल लांबीचा आणि ५७,००० छायाचित्रांचा खेळ अवघ्या तीन आण्यांत, अशी जाहिरात त्यांनी केल्याचे सांगतात. प्रेक्षकाला अडाणी न ठरवता त्याच्या हिशेबाने त्याला समजावून घेणे ते हेच.

नाशिक जिल्ह्याने या बाबतीत आणखी मोठी साक्ष ठेवली आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकचा काळाराम मंदिर सत्याग्रह सुरू झाला. त्या काळात निफाड तालुक्यातल्या कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक आपला आंबेडकरी जलसा घेऊन गावोगाव फिरत होते. तमाशाचा साचा लोकांना माहीत होता: गण, गौळण, बतावणी, लावणी, वग. जलशाने त्यातली ढोलकी ठेवली, सवालजवाब ठेवले, हशा पिकवणारी बतावणी ठेवली. शृंगाराला रजा दिली, देवाच्या गणाच्या जागी बाबासाहेबांना वंदन आणले, आणि वगात पाणी, शाळा, सावकारी, रूढी हे विषय घातले. जलशाला बसलेल्या माणसाला ना वर्तमानपत्र वाचता येत होते ना सभेतले भाषण सहज झेपत होते. आपल्या दहा सभांच्या बरोबरीला बाबासाहेबांनी कर्डकांचा एक जलसा बसवला, असे सांगितले जाते ते यामुळेच. पुढच्या पिढीत सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक आले. मुंबईत मजुरी करता करता, वयात आल्यावर त्यांनी अक्षरे गिरवली आणि हजारो गाणी रचली; २००४ साली नाशिकला त्यांचे निधन झाले. ज्याला गावाने वेशीबाहेर ठेवले त्याला जलशाच्या मांडवात पहिल्या रांगेत जागा मिळाली. ही जागा देणे म्हणजे यजमानपण. जलशाने माणसांना हसवले आणि त्या हसण्यातच त्यांना ताठ बसायला शिकवले.

करमणूक रिकामी नसते, हे राज्यकर्त्यांना तर आपल्या आधी उमगले होते. १८७६ साली इंग्रज सरकारने नाट्यप्रयोगांवर नियंत्रण ठेवणारा कायदा केला. १९०७ साली रंगभूमीवर आलेल्या कृ. प्र. खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’वर १९१० मध्ये बंदी आली, कारण महाभारतातला कीचक पाहताना प्रेक्षकाला लॉर्ड कर्झन दिसतो, हे सरकारने ओळखले. त्याच्या थोडेच आधी, २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री, नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात बदली झालेल्या कलेक्टर जॅक्सनच्या निरोपासाठी ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता आणि तिथेच अनंत कान्हेऱ्यांनी त्याला गोळी घातली. साहेबाच्या सन्मानाला नाटकाचा प्रयोग योजला जाई, इतके नाट्यगृह हे सार्वजनिक आतिथ्याचे ठिकाण होते. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक शुल्काचा कायदा आला. पुढे जवळजवळ शंभर वर्षे, २०१७ च्या जुलैत वस्तू व सेवा कर येईपर्यंत, सरकार तिकिटामागे आपला हिस्सा घेत राहिले. ज्या गोष्टीवर बंदी घालावीशी वाटते आणि कर बसवावासा वाटतो, ती पोकळ कशी असेल?

आता आक्षेपांचा विचार करायला हवा. पहिला आक्षेप कारखान्यातून येतो आणि तो मी सगळ्यात मनावर घेतो. आठ तास यंत्रापुढे उभे राहून आलेल्या माणसाला बोध नको असतो. त्याला दोन घटका डोके बाजूला ठेवायचे असते. त्याला उपदेशाचा डोस पाजणारे तुम्ही कोण? या आक्षेपातला अर्धा भाग मला पूर्ण मान्य आहे. विसावा हा हक्क आहे आणि निखळ हसणे हे कोणत्याही बोधाविना मोलाचे आहे. यजमान पाहुण्याला प्रवचन देत नाही. आधी पाणी देतो. पण आक्षेपाचा दुसरा अर्धा भाग कामगाराचा अपमान करतो. दमलेल्या माणसाला फक्त उथळच पचते, हे कोणी ठरवले? महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धांमध्ये वर्षानुवर्षे दमलेले कामगारच उभे राहत आले आहेत; पाळी सांभाळून तालमी करणारे, रजा टाकून प्रयोग करणारे. आणि प्रेक्षकही कामगारच. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या निधीसाठी जून आणि डिसेंबरच्या पगारातून कामगाराची वर्गणी कापली जाते, मालक आणि शासनही आपापला वाटा देतात. म्हणजे सातपूरच्या कामगार कल्याण केंद्रात जे नाटक, भजन वा वाचनालय चालते त्याचे पैसे कामगाराने आधीच भरलेले आहेत. ती त्याच्यावर केलेली मेहरबानी नाही, ती त्याची मिळकत आहे. तिच्यात कस असावा अशी अपेक्षा ठेवण्याचा अधिकार त्याचा आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. तुम्ही यजमानपणाच्या गोष्टी करता, पण आपल्याकडे रिझवणारा यजमान कधी होता? तो तर समाजाच्या पायरीवर उभा होता. तमाशात नाचणाऱ्या बाया आणि ढोलकी वाजवणारे हात ज्या जातींतून आले त्यांना रात्री टाळ्या मिळाल्या आणि सकाळी पाणवठा मिळाला नाही. हा आक्षेप इतिहासाला धरून आहे आणि त्यापुढे मान झुकवलीच पाहिजे. विठाबाई नारायणगावकरांची हकीगत महाराष्ट्राला ठाऊक आहे. दिवस भरलेले असताना त्या बोर्डावर उभ्या होत्या. कळा सुरू झाल्या, मागे जाऊन त्या बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला आल्या. पोट दिसेना तेव्हा प्रेक्षकांच्या ध्यानात आले आणि त्यांनी हात जोडून खेळ थांबवायला लावला, असे सांगतात. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या या कलावतीचे अखेरचे दिवस हलाखीचे गेले. २००२ साली त्या गेल्या. राज्य सरकार आता त्यांच्या नावाने पुरस्कार देते. या हकीगतीचा उपयोग आपण बहुधा कलानिष्ठेचे कौतुक करण्यासाठी करतो. मला तिथे आपल्या समाजाचे बुडवलेले देणे दिसते. बाळंतिणीला विसावा घेण्याची सोय त्या फडात नव्हती, कारण एक रात्र बुडाली तर फडाची चूल पेटणार नव्हती. नाशिकमध्ये राहून कुसुमाग्रजांनी लिहिलेले ‘नटसम्राट’ १९७० साली रंगभूमीवर आले. लोकांना आयुष्यभर रिझवून शेवटी बेघर झालेला नट तिथे उभा आहे. तेव्हा हा आक्षेप माझ्या विधानाला खोडत नाही, त्याचा उत्तरार्ध सिद्ध करतो. धरून ठेवणे दोन्ही बाजूंनी व्हायला हवे. प्रेक्षकाने कलावंताला धरले नाही, तर कलावंताने प्रेक्षकाला किती काळ धरावे?

तिसरा आक्षेप आजचा आहे. आता करमणूक हातातल्या मोबाईलवर येते. तिथे कोण यजमान आणि कोण पाहुणा? माझे उत्तर असे की प्रश्न यंत्राचा नाही. ‘राजा हरिश्चंद्र’ही यंत्रावरच आला होता. आपल्याच लोकांच्या रील्सनी, पॉडकास्टनी, खानदेशी गाण्यांनी घरापासून दूर असलेल्या मुलाला करमते, हे मी नाकारत नाही. प्रश्न आहे तो आपला वेळ कोणाच्या हिशेबात जमा होतो, हा. जे दाखवायचे ते ‘याने थांबू नये’ एवढ्या एकाच मापाने निवडले जाते, तिथे पाहणाऱ्याची काळजी कोणी वाहत नाही. नाटकाला पडदा असतो, कीर्तनाला आरती असते, जलशाचा वग कुठेतरी संपतो. आलेल्याला वेळेवर घरी पाठवणे हेही यजमानाचे काम आहे. ज्या करमणुकीला शेवटच नाही आणि जिच्यातून उठल्यावर माणूस आधीपेक्षा एकटा होतो, तिला करमणूक म्हणायचे मला धाडस होत नाही. पूर्वीच्या इंग्रजीत लक्ष भलतीकडे गुंतवण्यासाठी जो ‘अम्यूज’ हा शब्द होता, तोच तिला शोभतो.

शेवटी सातपूरकरांकडे काही मागणी. गणेशोत्सव, नवरात्र, भीमजयंती, शिवजयंती ही इथल्या वसाहतींची मोठी निमित्ते आहेत आणि मंडळांकडे वर्गणी जमते. ध्वनियंत्रणेच्या भिंतीवर होणाऱ्या खर्चातला वाटा काढून वर्षातून एक तरी नाटक, एक जलसा, एक चांगले कीर्तन ठेवा. कलावंतांना बोलवाल तेव्हा बिदागी आधी ठरवा आणि कार्यक्रम संपल्यावर त्याच रात्री हातात ठेवा. कपडे बदलायला बंद खोली, स्त्री कलावंतांसाठी स्वच्छतागृह आणि जेवणाचे ताट यांची सोय झाल्याशिवाय मांडव उभा करू नका. कामगार कल्याण केंद्रात नाव नोंदवा. तुमच्या पगारातून त्याचे पैसे गेलेलेच आहेत. आणि शेजारच्या खोलीत परगावाहून नव्याने आलेला जो तरुण आहे त्याला पहिल्या कार्यक्रमाला सोबत घेऊन या. आपल्या वसाहतीत करमणूक होते की नाही, हे त्याला इथे करमू लागले की नाही यावरूनच ठरेल.